भदाण्यांची कापलेली फांदी

१

वंशवृक्ष उलगडला आणि हॉलमधली बडबड एकदम थांबली. पांढऱ्या कापडाच्या उजव्या बाजूला, जिथं एक फांदी असायला हवी होती तिथं, ताटाएवढं भोक होतं आणि त्यातून मागची पंख्यांची बटणं दिसत होती.

पांडेसऱ्याच्या त्या हॉलमध्ये शनिवारी दुपारी आम्ही जमलो होतो ते उद्याच्या तयारीला. उद्या भदाणे कुळाचं पहिलं संमेलन. आता भदाणे म्हणजे कोण, तर आम्हीच. सुरतमध्ये आम्हाला सगळे पाटील म्हणून ओळखतात. गावची पाटीलकी गेली, गाव सुटलं, तरी पाटील हे आडनाव मात्र आमच्या मागोमाग रेल्वेत बसून आलं. पण इथं तर खानदेशातला दर दुसरा माणूस पाटील! कोण कुणाचा भाऊबंद आणि कुणाशी सोयरीक जमते, हे कळायला खालचं आडनाव, म्हणजे कूळ, खरवडून काढावं लागतं. ते काम सुपडूआप्पांनी हाती घेतलं. तलाठी म्हणून निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात. आप्पा नांदरखेड्यापासून बऱ्हाणपूरपर्यंत म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या ओसऱ्या धुंडाळत फिरले, आणि त्याचं फळ म्हणजे हे कापड.

आप्पा भोकापाशी गेले. त्यांनी त्यात हात घालून पाहिला, जणू फांदी मागं कुठं पडली असेल.

"नूतन," ते मला म्हणाले, "तू जळक्या गोदामांमधून चोर काढायचीस ना? मग हा काढ."

मी त्यांची चुलत बहीण. विमा कंपन्यांसाठी आगीच्या दाव्यांची तपासणी करण्यात माझं आयुष्य गेलं. कापड आपोआप जळलं की मालकानं जाळलं, हे सांगायचं. आता कतारगामला एकटी राहते आणि कुळातले लहानथोर सगळे मला आत्याच म्हणतात.

"फांदी कुणाची होती?" मी विचारलं.

आप्पांनी मागं वळून आपल्या नातीकडं, उज्ज्वलाकडं पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती.

"गंगारामची. आणि त्याच्या नातवाची. वैभवची."

 उज्ज्वला आणि वैभवचा साखरपुडा पुढच्या महिन्यात होता. वैभवचं नाव या झाडावर असेल, तर तो भदाण्यांचा भाऊबंद. आणि भाऊबंदांत लग्न? आमच्यात ते बहीणभावाचं लग्न.

२

धर्मेंद्रवर सगळ्यांचा पहिला संशय. तो आमच्यातलाच. पांडेसऱ्यात त्याचं कापड छापायचं युनिट आहे, आणि वंशवृक्ष त्यानंच छापला होता. आपल्या आजोबांना कोपऱ्यात टाकलं म्हणून तो महिनाभर धुसफुसत होता.

"आत्या, मी कापलं असतं तर आप्पांची फांदी कापली असती," तो हसत म्हणाला. "गंगारामनी माझं काय घोडं मारलं? आणि कापून फायदो शुं? फाइल आहे माझ्याकडं. सकाळपर्यंत दुसरा काढून देतो. तुम्ही टेन्शनच नका घेऊ."

त्याचं म्हणणं बिनतोड होतं. ज्याला फाइल ठाऊक, तो कापड कशाला कापेल? मी आप्पांना सांगितलं, नवा छापायला हरकत नाही, पण सकाळपर्यंत वाट पाहा. ते नाखुशीनं हो म्हणाले.

मग उज्ज्वला. तिला मी हॉलच्या मागच्या पायरीवर बसवलं. शेजारी वैभवही येऊन बसला. इच्छापोरला एका कारखान्यात तो वायरमन आहे. डोळ्यांनी शांत, आणि त्या दिवशी फारच शांत.

"सगळी नावं मीच टाइप केली, आत्या," उज्ज्वला म्हणाली. "त्याचंसुद्धा. मला लपवायचं असतं तर टाइपच केलं नसतं. आप्पांना कुठं कॉम्प्युटर वाचता येतो!"

"मग का केलंस?"

"आप्पा शेजारी बसून सांगत होते. एवढे खूश होते! म्हणाले, दौलतचा वंश सापडला. दौलत म्हणजे त्यांच्या पणजोबांचा भाऊ, बऱ्हाणपूरकडं निघून गेला तो परतलाच नाही. आणि वैभवची आजी मागणी घालायला आली तेव्हा म्हणाली होती ना, की त्यांचं मूळ बऱ्हाणपूरकडचं, कूळ मात्र ठाऊक नाही. मी म्हटलं, आप्पा, मग आमचं लग्न? तर म्हणाले, बेटा, संमेलन होऊ दे, मग बोलू. त्यांचा हात माझ्या डोक्यावर होता. मी टाइप करत राहिले."

ती रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"और मुझे तो काल कळलं," वैभव म्हणाला. "मी कापलं असतं ना आत्या, तर एवढ्या प्यारसे नसतं कापलं. अख्खं फाडलं असतं."

एवढ्या प्यारसे. मी उठले, हॉलमध्ये जाऊन भोकाची कड उजेडात धरली. सिंथेटिक कापड कापलं की लगेच धागे सुटतात. इथं एकही सुटला नव्हता. कडेनं बारीक, कडक, तपकिरी मणी उमटले होते. असे मणी मी शेकडो वेळा पाहिले आहेत. कापड कापल्यावर कुणीतरी त्याची कड पेटत्या उदबत्तीनं बंद केली होती.

३

साडीला लेस लावणाऱ्या बायकांचा तो हात. इथं घरोघरी साड्यांचे गठ्ठे येतात. फॉल, लेस, टिकल्या, सगळं बायका घरी बसून करतात. कात्री चालली की मागोमाग उदबत्ती फिरवायची, म्हणजे धागे निघत नाहीत. ज्या हाताला हे वळण लागलं, त्याला उघडी कड बघवत नाही. चोरी करतानासुद्धा बघवत नाही, हे मला तेव्हा कळलं.

छापल्यापासून कापड लेसवाल्या दोघींच्या हातांतून गेलं होतं. कडेनं लेस लावायला ते गेलं वैभवच्या आजीकडं, अंजनाबाईकडं. व्याही होणार म्हणून आप्पांनी छपाईच्या कितीतरी आधी मानानं कबूल केलेलं काम ते. तेव्हा झाडावर कुणाचं नाव येणार, हे त्यांना स्वतःलाच पक्कं नव्हतं. कळल्यावर काम काढून घेणं बरं दिसेना. तिथून ते आलं आप्पांच्या घरी, त्यांच्या सुनेच्या, मंगलाबाईच्या कपाटात. उज्ज्वलाची आईही लेसच लावते.

मंगलाबाईनं मला चहा दिला आणि स्वतः उभीच राहिली.

"मी कापलं असं वाटतं का तुम्हाला? वाटू द्या. कापायचं मनात तर आलंच होतं," ती म्हणाली. "पण पोरगी टाइप करायची तेव्हा मी तिथंच भाजी निवडत बसलेली असायची. कापडाचं काय, ते मशीनमधून पुन्हा निघतं. मामंजींच्या डोक्यातून कसं निघणार?"

"मामंजींना हे सुचलं कुठून? गंगाराम भदाणे, असं कोण म्हणालं?"

"शांताकाकूंनी सांगितलं. रोटाचं."

आप्पांचे थोरले भाऊ हिलालदादा. त्यांनी सर्वांत आधी सुरत गाठली होती. ते गेले, त्यांची बायको शांताबाई अजून आहे. आतल्या खोलीत कॉटवर पडून असते, आजचं आठवत नाही पण जुनं लख्ख आठवतं. मी तिच्या उशाशी बसले.

"वहिनी, गंगारामच्या घरी आपला रोट जायचा?"

"जायचा ना, माय! दर श्रावणात. हे स्वतः नेऊन द्यायचे."

रोट म्हणजे काय, हे खानदेशाबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. श्रावणात कानबाई देवी बसते. कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं मुठीनं गहू घ्यायचे, दळायचे आणि त्या पिठाच्या जाड पोळ्या, म्हणजे रोट, करायचे. ते फक्त भाऊबंदांनी खायचे. उरले तरी शेजाऱ्याला द्यायचे नाहीत, मग तो कितीही जिवाभावाचा असो. गावोगाव फिरताना आप्पांनी हीच कसोटी लावली होती. कागद खोटं बोलतो, माणूस विसरतो, पण रोट कुणी कुणाला उगाच देत नाही. रोट खाल्ला तो भाऊबंद.

"अंजना पहिल्या वर्षी घेईना," शांताबाई छताकडं बघत हसली. "दारातच उभी. हात मागं धरलेले. मग ह्यांनी तिचा हात पुढं ओढला आणि रोट ठेवला त्यात. गंगाराम तर रडला बाई, लहान पोरासारखा."

 भाऊबंद असेल तर रोट घ्यायला हात मागं का जाईल?

बाहेर आले तेव्हा मंगलाबाई म्हणाली, "त्या अंजनाबाईचं मला वाईट वाटतं. किती हौसेनं तिनं स्वतः मागणी घातली होती! नातसून म्हणून उज्ज्वलाच हवी म्हणाली."

आणि तिथं मला सगळं दिसलं. माझ्या धंद्यात असा क्षण आला की आनंद होतो. या वेळी नाही झाला.

४

अंजनाबाईची खोली पांडेसऱ्यातच, मागच्या गल्लीत. ती साडीच्या ढिगात बसली होती. मला पाहून तिनं ढीग बाजूला सारला.

"बठ ना, माय. चहा पीस का?"

"चहा नको. कापडाचा तुकडा दे, अंजनाबाई."

तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि गादीखालून तो काढून दिला. नीट घडी केलेला. नवऱ्याचं नाव होतं त्यावर, टाकून देववलं नसेल.

"तुले कसं समजनं?"

मी सांगितलं. कड उदबत्तीनं बंद केली होती, म्हणजे हात लेसवालीचा. कापल्यानं नाव पुसलं जाईल असं ज्याला वाटलं, त्याला मशीनमधली फाइल ठाऊक नव्हती, म्हणजे मंगलाबाई नाही. राहिलीस तू. इथवर तर कुणीही आलं असतं, आणि म्हणालं असतं, नातवाचं लग्न मोडू नये म्हणून आजीनं कापलं.

"मंग? तसंच शे ते."

"तसं नाही. तू इतकी वर्षं भदाण्यांचा रोट खाल्लास. रोट खाणारी बाई त्याच कुळातली मुलगी नातवाला मागायला जाईल? जीव गेला तरी जाणार नाही. तू मात्र हौसेनं गेलीस. म्हणजे गंगाराम भदाणे नव्हता, हे तुला पहिल्यापासून माहीत होतं. मग कापायचं कशाला? आप्पांना सरळ सांगायचं, आम्ही भदाणे नाही, मोकळं झालं असतं. ते का सांगितलं नाहीस?"

 उत्तरही मीच दिलं, आणि ते वाक्य गिळून टाकता आलं असतं तर किती बरं झालं असतं!

"कारण आप्पांनी पुढं विचारलं असतं, भदाणे नाही, तर मग कोण?"

अंजनाबाईनं पदर तोंडाला लावला. मग तिनं सांगितलं ते असं. गंगाराम बिऱ्हाडे, जळगावकडचा बौद्ध माणूस. मिलमध्ये काम मिळालं, पण राहायला खोली मिळेना. आडनाव सांगितलं की खोली भरलेली असायची. हिलालदादा त्याच्याच पाळीला होते. एक दिवस घरमालकासमोर त्यांनी गंगारामच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाले, हा माझा भाऊ आहे, पाटील. खोली मिळाली. मग श्रावण आला. गल्लीतले सगळे बघत होते. सख्ख्या भावाला रोट देत नाही, असं कसं चालेल? म्हणून हिलालदादांनी रोट दिला. आणि मग देतच राहिले, गल्ली बदलली तरी.

"तो देव माणूस व्हता," ती म्हणाली. "पन त्यानी तोंड मिटी लिधं आनि आम्हीबी. पोऱ्याले काहीच माहीत नही. त्याना बापलेबी माहीत नव्हतं. बऱ्हाणपूर मीच सांगं, कोनी गावले जाई इचारू नही म्हनीसन."

तिचं ते बऱ्हाणपूर नेमकं आप्पांच्या हरवलेल्या दौलतला जाऊन मिळालं होतं. एका खोट्याला एक चांगुलपणा चिकटला, आणि त्याचं झाड झालं.

"आता काय करू?" मी विचारलं.

"आप्पाले सांग. एकल्याले. तो हिलालदादाना भाऊ शे, त्याले समजी." तिनं माझा हात धरला. "लगन व्हवाले पाहिजे, माय. पोरगी चांगली शे."

५

रविवारी सकाळीच मी आप्पांना गच्चीवर गाठलं आणि सगळं सांगितलं. तुकडा त्यांच्या हातात दिला. ते तो उलटसुलट करत राहिले. खाली मंडपवाले खुर्च्या उतरवत होते.

"हिलालदादानं हे केलं?" ते शेवटी म्हणाले. "मला कधी बोलला नाही."

"बोलले असते तर तुम्ही काय केलं असतं?"

 त्यांचे डोळे भरून आले. मी त्यांना त्यांची बायको गेली तेव्हासुद्धा रडताना पाहिलं नव्हतं.

"नूतन, दादानं ज्याला भाऊ म्हटलं, त्याला मी परका कसा म्हणू? रक्त कोण बघतं? रोट खाल्ला ना त्यानं? तो आपलाच. हे कुणाला कळायचं कारण नाही. ही फांदी परत लागेल, आणि अंजनाबाईचा मान आज सगळ्या कुळासमोर होईल. कुळाची थोरली सून म्हणून."

मला इतका आनंद झाला की मी वाकून त्यांच्या पाया पडले. जिना उतरताना मी चक्क गुणगुणत होते. शेवटच्या पायरीवर आले आणि थांबले.

गंगाराम आमचाच, म्हणजे वैभव आमचाच. म्हणजे वैभव उज्ज्वलाचा भाऊ.

मी परत वर गेले. "आप्पा, पण मग लग्न?"

त्यांनी तुकडा खिशात ठेवला होता. "भाऊबंदांत लग्न होतं का कधी?" ते म्हणाले, अगदी मायेनं. माझ्या डोळ्यांत मात्र त्यांनी पाहिलं नाही.

मेलेल्या माणसाला भाऊ म्हणून झाडावर जागा देणं सोपं असतं. सोयरीक जिवंत माणसांशी करावी लागते, त्यांच्या ताटात जेवावं लागतं. हे आप्पांना कळलं होतं की नव्हतं? मी आयुष्यभर माणसांचे हेतू शोधले, पण या एका माणसाचा हेतू मला आजही सांगता येत नाही. कदाचित त्यांनाही सांगता येणार नाही.

६

हॉल गच्च भरला. वरण-बट्टीचा वास मागून येत होता. कापडाला तुकडा परत शिवला होता, मंगलाबाईनं. उज्ज्वला पहिल्या रांगेत बसली होती, आणि वैभव दाराशी उभा होता, जणू निघायच्या तयारीत.

मी अंजनाबाईला आधीच गाठून सांगितलं होतं, आप्पा काय म्हणाले ते.  ती फक्त म्हणाली होती, "बरं."

आप्पांनी तिला स्टेजवर बोलावलं. दूर गेलेल्या, हरवलेल्या, सापडलेल्या फांदीबद्दल ते सुंदर बोलले. टाळ्या झाल्या. हातात साडी आणि नारळ घेऊन ते पुढं आले. अंजनाबाईनं साडी घेतली नाही. तिनं माइक घेतला. तो कसा धरायचा ते तिला माहीत नव्हतं, त्यामुळं आधी नुसता खरखराट झाला.

"मी भदाणेसनी सून नही," ती म्हणाली. "मन्हा घरवाला गंगाराम बिऱ्हाडे. आम्ही बौद्ध शेतस. हिलालदादा आम्हले भाऊ म्हने, कारन खरं नाव सांगतात तं खोली भेटती नही. त्यानं पुण्य त्याले. पन आते मन्हा नातूले खोली नही पाहिजे. त्याले बायको पाहिजे. म्हनीसन खरं नाव सांगी ऱ्हायनू."

मग तिनं माइक धर्मेंद्रच्या हातात दिला आणि खाली उतरली.

कुणी ओरडलं नाही. कुणी वाईट शब्द काढला नाही. आमची माणसं तशी सभ्य आहेत. फक्त ती जाऊन बसली त्या रांगेतल्या बायका एकेक करून उठल्या, कुणाला पाणी हवं होतं, कुणाचं मूल रडत होतं. रांग रिकामी झाली. वैभव दारातून धावत आला आणि आजीसमोर जमिनीवर बसला. त्याचा चेहरा असा झाला होता, जणू त्याला एकाच वेळी खूप काही मिळालं आणि खूप काही गेलं. आजीनं त्याच्याकडं पाहिलं नाही. ती समोर बघत होती.

उज्ज्वला उठली. मंगलाबाईनं तिचा दंड धरला, आणि मग सोडला. ती चालत त्या रिकाम्या रांगेत गेली आणि अंजनाबाईच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. मीही गेले, पण तिच्यानंतर. मी आधी जायला हवं होतं.

लग्न नोंदणी कार्यालयात झालं. भदाण्यांकडून सहीला मी होते. मंगलाबाई खालपर्यंत आली, रिक्षातच बसून राहिली, आणि उज्ज्वला खाली आल्यावर तिच्या गळ्यात पडून रडली. अंजनाबाई दिवसभर हसत होती आणि दिवसभर डोळे पुसत होती.

परतताना मी पेढे घेऊन आप्पांकडं गेले. ते टीव्ही बघत होते. मी पुडा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो उघडला नाही, बाजूलाही सारला नाही.

"मी त्याला भाऊबंद केलं होतं, नूतन," ते म्हणाले. "सगळ्या कुळासमोर. एवढं कोण करतं?"

"कुणी नाही करत, आप्पा."

"मग?"

"त्याला जावई व्हायचं होतं."

आप्पांनी रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.